मथुराबाई हजर

सोलापूर, मंगळवार, ता. २४ जुलै १९२८

चिरंजीव आबासाहेब यांस सासूचे आशीर्वाद. ते आधीच देऊन टाकते, कारण पुढच्या मजकुरात त्यांना जागा सापडेल असं वाटत नाही.

राजाबाई बरी आहे. दिवस भरत आले आहेत. पाय सुजतात, ते संध्याकाळी उशीवर ठेवायला लावते. तुमचा गडी महिपती तिला सोलापूर स्टेशनाबाहेर टांग्यात बसवून तसाच माघारी गेला. घरी ये, चहा घे म्हणून राजानं सांगितलं, तर "मालकांची ताकीद हाय" म्हणाला. कौन्सिलात निवडून गेल्यापासून तुमच्या घरचं माणूस गिरणीच्या चाळीत पाणी पीत नाही, हे आम्हाला ठाऊक झालं आहे. याच चाळीत तुम्ही इंग्रजी शाळा शिकत असताना माझ्या हातच्या भाकरी खाल्ल्या, ते मी कुणाला सांगत नाही. तुमच्या अब्रूची चाड मला आहे.

हा अधिक श्रावण. धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, आणि जावयाला वाण दिल्याशिवाय जात नाही. जावई रुसलेला असो की चढलेला, वाण त्याचंच. म्हणून मी अनारशांचे तांदूळ भिजवून पीठ केलं होतं आणि तुम्हाला बोलावणं कोणत्या शब्दांत धाडावं याचा विचार करत होते. तेवढ्यात पुण्याचा पेपर आला.

कौन्सिल भरल्यापासून राजा रोज दिवेलागणीला मला पेपर वाचून दाखवते. तिच्या पहिलीच्या पाटीवर मीही अक्षरं गिरवली, पण बारीक छापा मला दिव्यात दिसत नाही. नगरपालिकांच्या पट्टीचं एक बिल, शाळांचं एक, शेताच्या तुकड्यांचं एक. तिकडं पुण्यात बिलांचं पीक बरं आलंय. इकडं पावसाची ओढ आहे. मग आलं गिरणीतल्या बाळंतिणींचं बिल. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे मालकानं पगार देऊन घरी बसू द्यावं, असं ते बिल. आणि त्यावर माढ्याचे सभासद, म्हणजे तुम्ही, बोलायला उठले.

राजानं वाचलं ते असं: "हा परदेशी नाजूकपणा आपल्या बायकांवर लादू नये. सोलापुरातील माझ्या परिचयाच्या एका गिरणीकामगार स्त्रीने प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवशी आपले काम हाती घेतले. गिरणीची हजेरी याला साक्ष आहे. ती स्त्री आज धडधाकट असून तिची मुलगी एका प्रतिष्ठित घराण्यात सुखाने नांदत आहे."

राजा थांबली.

"थांबलीस का? पुढं वाच की," मी म्हटलं.

"पुढं टाळ्या हायत."

"मग टाळ्या वाच."

तिनं पेपर खाली ठेवला. "आई, ती सुखानं नांदणारी मुलगी म्हंजे मीच की."

"आनि ती धडधाकट बाई?"

"तू."

तर आबासाहेब, आज फार लिहीत नाही. ती गोष्ट माझी आहे. तुम्ही ती मला न विचारता उचललीत, आणि माझ्याच खात्यातल्या बायकांच्या डोक्यात घातलीत. बिलाच्या पहिल्या वाचनावर मतं शनिवारी घेणार असं पेपर म्हणतो. त्याच्या आत उभं राहून ती मागे घ्या. ती खरी नाही, एवढंच आज सांगते.

अनारशांचं पीठ तूर्त डब्यात झाकून ठेवलं आहे.

मथुराबाई

सोलापूर, बुधवार, ता. २५ जुलै

तुमची तार पोचली. चाळीत तारेचा शिपाई आला की बायका आधी रडून घेतात, मग तार कुणाची ते विचारतात. शेजारची सावित्रम्मा तर पदर डोळ्याला लावूनच धावत आली. राजानं वाचलं: "नाव घेतलेले नाही. निश्चिंत असावे. भाषण गाजले."

नाव घेतलं नाहीत, ते मला दिसलं होतंच. तीच तर माझी दुसरी तक्रार आहे. पण ती नंतर.

भाषण गाजलं हे मात्र खरं. आज सकाळी आमच्या वाइंडिंग खात्याच्या दारावर तुमच्या भाषणाचा कागद खळीनं चिकटवलेला होता. हेडक्लार्क महादेवप्पा यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. बाबिनांवर सूत भरणाऱ्या शंभरभर बायका, आणि मी त्यांची नायकीण, म्हणजे मुकादमीण, सगळ्या उभ्या राहून आपल्या धडधाकटपणाचं कौतुक ऐकत होतो. महादेवप्पा माझ्याकडे बघून हसले. म्हणजे जुनी हजेरी काढून तुम्हाला कुणी कळवली ते मला समजलं.

कागद वाचून ते वळले आणि बनाबाईनं तोंडाला पदर लावला. "मथुराक्का, तिसऱ्या दिवशी म्हंजे लई उशीर केलास की. दुसऱ्या दिवशी कुटं उलथलीवतीस?"

"न्हाणं चालू आसंल तिचं," दुसरी म्हणाली.

"आगं न्हाई, साच्याखालीच बाळंत झाली आसंल. बाबीन भरता भरता. एक बाबीन सुताची, एक पोरीची."

हसून हसून काहीजणी खाली बसल्या. का हसत होत्या ते पुढं सांगते. दुपारी ते हसणं मोडलं. रंभाबाई म्हणून एक आहे, सातवा लागलाय, तिला घेरी आली. आमच्या खात्याच्या मायाप्पा मास्तरांकडे ती घरी जाऊ का म्हणून विचारायला गेली. मास्तर माणूस वाईट नाही, पण छापलेलं त्याला वेदासारखं वाटतं.

"पेपर वाचला न्हाईस काय? सोलापूरच्या बाया बाळंत हून तिसऱ्या दिवशी कामाला येत्यात. आनि तू आदीच निगालीस?"

"मास्तर, त्यो पेपर हाय, मी बाई हाय की."

"जा, बस जाग्यावर."

ती येऊन बसली. मी नायकीण असून काही बोलू शकले नाही, कारण मास्तर माझ्याकडेच बोट करत होता. "विचार तुज्या नायकिनीला. तिचंच उदाहरन हाय."

तेव्हा आता ऐका.

राजाच्या जन्माच्या वेळी मी तिसऱ्या दिवशी कामावर गेले नाही. दहाव्या दिवशी गेले नाही. सव्वा महिना खाटेवर होते. शेगडी घेत होते, डिंकाचे लाडू खात होते आणि पोरीला पाजत होते. हजेरीत मात्र मथुराबाई रोज आहे, कारण रोज कुणीतरी मथुराबाई होती.

बाई चार दिवसांवर गैरहजर राहिली की तिचं नाव कापायचं, जागा दुसरीला द्यायची, असा तेव्हा नियम होता. आताही आहे. नाव कापलं की पुन्हा लागायला नायकिणीच्या पाया पडायचं. म्हणून चाळीतल्या बायकांनी आपली रीत काढली होती. बाळंतिणीचं तिकीट, म्हणजे गिरणीचा तो पितळी बिल्ला, ती बाळंत झाली त्याच दिवशी शेजारणीच्या हाती जायचं. साळ्यांच्या घरातल्या तेलुगू बायका घरी मागासाठी कांड्या भरतात. सुताला हात सरावलेले. पदर पुढं ओढायचा, मान खाली घालायची, बिल्ला दाखवायचा आणि बाळंतिणीच्या साच्यावर, म्हणजे यंत्रावर, बसायचं. माझ्या जागी सगळ्यात जास्त सावित्रम्मा बसली. ती उंच, मी बुटकी. कारकुनानं एकदा विचारलं म्हणे, "मथुरा, वाढलीस काय गं?" तिला मराठी तेव्हा येत नव्हतं. ती नुसती खोकली.

हे बाहेर फुटू नये म्हणून प्रत्येकीनं एक गोष्ट सांगायची असते: मी तिसऱ्या दिवशी उठले, मला काही होत नाही, आम्ही कणखर. मास्तरापुढं सांगायची, सासरच्यांपुढं सांगायची, पोरींपुढंही सांगायची, कारण पोरी बोलून जातात. तुम्ही माझ्या चुलीपुढं पाटावर जेवत होता, तेव्हा तुम्हालाही सांगितली. तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "धन्य आहे." मला वाटलं, पोरगा चांगला आहे, आपली गोष्ट बरी खपली.

ती इतकी खपली की कौन्सिलात पोचली. आम्ही जे लपवलं ते इतकं नीट लपवलं की आज तेच आमच्यावर साक्षीला उभं आहे.

राजाला हे काल रात्रीच्या जेवणापर्यंत ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती ताटातली आमटी ढवळत होती. मग म्हणाली, "म्हंजे तू निजून होतीस? माज्याजवळ?" मी म्हटलं, व्हय. "रोज?" व्हय गं बाई, रोज. मग तिनं पाय पुढं केले आणि आपले आपणच उशीवर ठेवले. माढ्याला त्या पायांबद्दल तिला कोण काय म्हणालं, कुणाचं उदाहरण दिलं, ते मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. पण माझी गोष्ट कुठं कुठं वापरली गेली असेल, याचा अंदाज मला आला.

आजही तुम्ही बायका असं करता का, हे विचारू नका. विचारलंत तर मी नाही म्हणेन. माझं 'नाही' किती खरं असतं ते तुम्हाला आता कळलंच आहे. एवढंच सांगते, सावित्रम्माची सून रत्नम्मा गेल्या पंधरवड्यात बाळंत झाली. मुलगा आहे, गुटगुटीत. रत्नम्मा कामावर रोज हजर आहे. हजेरीत पाहा.

मथुराबाई

सोलापूर, गुरुवार, ता. २६ जुलै

तुमचं उत्तर नाही. पेपरात आज शेताच्या तुकड्यांच्या बिलावर तुम्ही शेतकऱ्याच्या बाजूनं बोललात असं आहे. चांगलं बोललात. राजानं दोनदा वाचलं. शेताचे तुकडे झालेले तुम्हाला सोसत नाहीत, हे ऐकून बरं वाटलं.

आज मधल्या सुट्टीत नळाच्या हौदापाशी आम्ही बोललो. माझं एकटीचं असतं तर मी कुणाला विचारलं नसतं. पण गोष्ट एकटीची नाही.

मी म्हटलं, "मी सायबाला खरं सांगनार. जावयालाबी कौन्सिलात सांगायला लावनार."

सावित्रम्मानं दोन्ही हात हलवले. ती आता गिरणीत नसते. सुनेचा डबा घेऊन येते, निदान आज डबा तिच्या हातात होता. "वद्दु, मथुरा, वद्दु! नको. तुजं सांगटलं की आत्ताचं बी हुडकतील."

ती आत्ताचं काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. तुम्हीही ऐकू नका.

"नायकीपन जाईल तुजं," बनाबाई म्हणाली.

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हने! आगं, तुज्या जागी कोन खवीस आनून बसिवला तर आमी काय करायचं? तू निदान वळकीची खवीस हायेस."

नळ गळत होता. रंभाबाई हौदाच्या कडेला बसली होती. ती एरवी चारचौघींत बोलत नाही. ती म्हणाली, "काल मला मास्तर म्हनला, पेपरात आलंय. उद्या माज्या पोरीला म्हनंल. ह्या खोट्याला आपनच पाजलंय, आपनच न्हाऊमाखू घातलंय. आता ते लई मोटं झालं. आपल्याच अंगावर यायला लागलं."

सावित्रम्मानं डबा खाली ठेवला. तिला सगळं मराठी कळत नाही, पण हे कळलं. "मग सांग," ती म्हणाली. "पन माजं बी नाव सांग. मी म्हातारी. माजं काय कापतील? केस?"

"तुजं नाव न्हाई सांगनार," मी म्हटलं.

"का? मी बसली की! चांगली बसली! तुज्यापेक्षा जास्त बाबीन भरली!" तिला खरोखर राग आला होता. एवढी वर्षं तिच्या कामाची शाबासकी मला मिळाली, हे तिच्या मनात होतं हे मला आज कळलं.

तर आता तुम्हाला मोकळीक आहे. सभागृहात उभे राहा आणि म्हणा: सोमवारी मी सांगितलेली बाई कामावर आली नव्हती. तिच्या जागी शेजारणी बसल्या, कारण तिला घरी राहू देणारा कायदा नव्हता. कायदा नसताना गरीब बायकांनी जे आपसांत चोरून केलं, तेच हे बिल उघड करू म्हणतं. वकील आहात, याहून चांगल्या शब्दांत सांगाल. पण याहून कमी सांगू नका.

उद्यापर्यंत तुमच्याकडून काही कळलं नाही, तर मी मला सुचेल ते करीन. पुण्याची गाडी इथूनही सुटते, आणि कौन्सिलात पाहुण्यांना बसायला सज्जा आहे असं ऐकते. सज्ज्यात बायकांना मज्जाव नाही ना? तेवढं कळवा.

मथुराबाई

सोलापूर, शुक्रवार, ता. २७ जुलै

तुमचं पत्र दुपारच्या डाकेनं आलं. इतकं लांब पत्र तुम्ही राजाला लग्नानंतर कधी लिहिलं नसेल.

तुम्ही लिहिता, भावनेच्या भरात नोकरी घालवू नका. तुम्ही लिहिता, सभागृहात एकदा केलेलं विधान मागे घेणं सभासदाच्या प्रतिष्ठेला बाधक असतं. तुम्ही लिहिता, हे लोकांना कळलं तर सभासदाची सासू गिरणीची फसवणूक करत होती असं होईल. आणि शेवटी, राजाला यात ओढू नका.

क्रमानं उत्तर देते.

नोकरी: पत्र पोचायच्या आधीच मी मॅनेजरसाहेबांपुढं जाऊन आले होते. त्यांना सगळं सांगितलं. साहेब चष्मा काढून पुसत राहिले. महादेवप्पा शेजारी उभे. त्यांच्या कपाळाला घाम.

"बाई, तेव्हाचा कारकूनसुद्धा मेला. आता कशाला उकरता?"

"मेलेल्या कारकुनाची हजेरी कौन्सिलात बोलली, सायेब. मग जित्या बाईनं का गप बसायचं?"

"तुमच्या जागी कोण बसत होतं? नावं सांगा."

"मथुराबाई."

"तुम्ही तर घरी होता म्हणता!"

"व्हय की. पन जी बसली ती मथुराबाईच. बिल्ला तिचा, हजेरी तिची. तुमच्या वहीत दुसरं नाव हाय का? बगा."

साहेबांनी महादेवप्पांकडे पाहिलं. महादेवप्पांनी छताकडे पाहिलं. मग साहेबांनी मला घरी जायला सांगितलं, कायमचं. मी खात्यातून माझी पिशवी घ्यायला आले. कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण पिशवी उचलली आणि एकेक साचा बंद होत गेला. ओरडा नाही, घोषणा नाही. बायका नुसत्या उठून उभ्या राहिल्या, जशा परवा तुमचं भाषण ऐकायला राहिल्या होत्या. शंभर साचे थांबले की जी शांतता होते ती तुम्ही कधी ऐकली नसेल. मायाप्पा मास्तर पळत साहेबांकडे गेला आणि पळत आला. "सायेब म्हनत्यात, नायकीपन काडलं. जाग्यावर बस, साच्यावर. बसा गं समद्या, बसा!"

तर मी आता नायकीण नाही. साच्यावर बसते. इतक्या वर्षांनी सूत हातात घेतलं. पहिल्या तासाला बोटं कापली, मग आठवलं. नवी नायकीण बनाबाई. ती हसरी आहे, सांगू ते ऐकेल, असं साहेबांना वाटलं असावं.

प्रतिष्ठा: ती तुमची तुम्ही जपा. सोमवारी तुम्ही माझी वापरलीत. ती परत मागते आहे, इतकंच.

फसवणूक: गिरणीला रोज एक बाई हवी होती, रोज एक बाई मिळाली. बाबिना भरल्या गेल्या. फसलं कोण? नियम फसला. तो फसण्याच्याच लायकीचा होता. सभासदाची सासू म्हणून माझी लाज वाटत असेल, तर सासू म्हणून नाव घेऊ नका; नुसतं मथुराबाई म्हणा.

राजाला ओढू नका: तिला मी ओढली नाही. तिला तुम्ही सोमवारी भर सभागृहात "सुखाने नांदत आहे" म्हणून उभी केलीत. तिला विचारलं होतंत?

हे वाचून ती काय म्हणाली तेही लिहिते. तिनं मला लिहायला सांगितलं आहे. "त्यांना म्हनावं, तुमी जे काय कराल ते परवाच्या पेपरात मला वाचायचं हाय. मी सोता वाचनार."

मी आज संध्याकाळी अनारसे तळले. तुमच्या वाणाचे तेहतीस. सावित्रम्माला पाटावर बसवून दिले. दिवा लावला, कुंकू लावलं. ती म्हणाली, "हे जावयाचं न्हाई का?" मी म्हटलं, जो आपली जागा राखतो तो जावई. तिनं एक खाल्ला, बाकीचे पदरात बांधून चाळभर वाटले. जाताना म्हणाली, गूळ कमी पडलाय.

मथुराबाई

सोलापूर, रविवार, ता. २९ जुलै

तुम्हाला मुलगी झाली. काल शनिवारी, दुपारचा भोंगा होता होता. राजा सुखरूप आहे, मुलगी सुखरूप आहे, रंग तुमचा आहे, आवाज माझा. तारेनं कळवलं नाही, कारण तुमच्या तारा वाचून चाळ उगीच रडते. हे पत्र पोचेपर्यंत कौन्सिलचं आठवड्याचं काम आटोपलं असेल, आणि बातमी ऐकायला तुम्ही मोकळे असाल.

कळा पहाटे सुरू झाल्या. सुईण आली, सावित्रम्मा आली, तिच्या पाठोपाठ सून रत्नम्मा लेकराला पोटाशी धरून आली, गरम पाणी द्यायला. हो, शनिवारीच. हो, गिरणी चालू होती. पुढं विचारू नका.

आज सकाळी पेपर आला. राजाला मी म्हटलं, आज राहू दे, डोळ्यांना त्रास होतो. तिनं मुलीला मांडीवर घेतलं, पेपर मुलीच्या अंगावर पसरला आणि आपला आपण वाचला. आधी मनात, मग मोठ्यानं.

बिलाचं पहिलं वाचन मंजूर झालं. बिल समितीकडं गेलं, पुढचं पुढं. मत देण्याआधी माढ्याचे सभासद उठले आणि म्हणाले, "सोमवारी मी दिलेल्या उदाहरणाबाबत मला मिळालेली माहिती अपुरी होती. ते उदाहरण मी मागे घेतो." यावर विरुद्ध बाजूनं "ऐका, ऐका" असा आवाज झाला. नंतर मतं मोजली. त्यात माढ्याचे सभासद कुठंच नाहीत. बाजूनं नाहीत, विरुद्धही नाहीत. खुर्ची सोडून बाहेर गेला असाल, असं राजा म्हणते.

अपुरी नव्हती, आबासाहेब. माहिती भरपूर होती, आणि पूर्ण खोटी होती, आणि ती मी रचलेली होती. खोटंसुद्धा धड कबूल करता येत नाही तुम्हाला. माझ्या गोष्टीतलं एक काडीचं श्रेय मला दिलं नाहीत.

तरी मागे घेतलंत. भरल्या सभागृहात उठलात. ते सोपं नव्हतं. साहेबांपुढं उभी राहिले म्हणून मी ते जाणते. मतासाठी थांबला असतात तर मी आज तुमची दृष्ट काढली असती. थांबला नाहीत. अर्ध्या कामाला अर्धं बोलावणं मिळतं, ते असं:

सोयर फिटल्यावर, अधिक महिना सरायच्या आत, या. धोंड्याचं वाण अजून देणं आहे. पहिले अनारसे गेले, पण पीठ अर्धं मी मागं ठेवलं होतं. अनारशाचं पीठ मुरत पडलं तरी बिघडत नाही. उलट जाळी चांगली पडते. टांग्यानं चाळीच्या दारापर्यंत या, कोपऱ्यावर उतरून तोंड लपवून नको. जेवायला खात्यातल्या बायका वाढतील. त्या बोलतील. बनाबाई तर फार बोलेल. ऐकून घ्यावं लागेल, आणि मध्ये उठून बाहेर जाता येणार नाही, कारण खोलीला दार एकच आहे आणि त्यात सावित्रम्मा बसलेली असेल.

राजा सव्वा महिना हलणार नाही. नंतर माढ्याला कधी यायचं ते तीच ठरवेल. तिचा निरोप तिच्याच शब्दांत: "यावं. पोरगी बगावी. पन त्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट माज्या घरात पुन्यांदा कुनी सांगायची न्हाई." माज्या घरात म्हणाली. माढ्याच्या घराबद्दल बोलत होती.

आणि एक सांगायचं राहिलं. आज सुट्टी म्हणून महादेवप्पा नारळ घेऊन बाळाला बघायला आले. त्यांच्या मनाला लागलं असावं. बसता बसता म्हणाले, "मथुराबाई, कमाल केलीत. घरी नात झाली आणि तुम्ही काल दिवसभर साच्यावर! मी हजेरी पाहिली." मी म्हटलं, व्हय, काय करनार, आमी कनखर. बनाबाई कोपऱ्यात अळीव निवडत होती. तिला एकदम ठसका लागला.

काल मी राजाजवळ होते. काल मथुराबाई हजर होती. कोण होती ते मी विचारलं नाही, आणि तुम्ही विचारणार नाही, कारण तुम्हाला आता समजलं आहे. हे हवं तर सभागृहात सांगा. नाही तर समितीतून ते बिल लवकर बाहेर काढा, म्हणजे आम्हाला हा धंदा बंद करता येईल. आम्हालाही कंटाळा आला आहे.

पण पुढच्या वेळी त्या बिलावर उठलात, तर "माझ्या परिचयाची एक स्त्री" म्हणू नका. मथुराबाई म्हणा. त्या नावावर आजवर कितीतरी जणी बसल्या. उंच बसल्या, बुटक्या बसल्या, मराठी न येणाऱ्या बसल्या. नाव कुणाखाली मोडलं नाही. तुम्हीही बसून पाहा.

मथुराबाई